नाखलेबाबूंनी लावलेली रांग

आर्वीच्या एका जिनिंग फॅक्टरीत बाबाराव नाखले हाजरीबाबू होते. फाटकाजवळच्या लहानशा खोलीत खिडकीशी बसायचं, भोंगा वाजला की येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायची आणि भोंग्यानंतर येणाऱ्याकडे चष्म्यावरून नुसतं बघायचं, एवढंच त्यांचं काम. ते बघणं लोकांना फार लागायचं. हंगामात फॅक्टरीत दीडशे माणसं असत. कोण कुठल्या गावाहून पायी येतं, कुणाची सून बाळंतपणाला आली आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं बाबारावांना त्या खिडकीतून कळत असे. ते कुणाला काही विचारत नसत. लोकच खिडकीशी थांबून सांगत.

फॅक्टरीत मुख्य खाती दोन. एका लांब शेडमध्ये रेचे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारी यंत्रं. तिथे बायका कापूस घालत आणि निघालेली रुई टोपल्यांनी वाहत. भिंतीपलीकडे प्रेसखातं. तिथे पुरुष ती रुई दाबून गाठी बांधत. रेच्यावरच्या बायांची पुढारी रुख्माबाई, पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी. प्रेसखात्याचे मुकादम नत्थूजी उमाटे, जास्त बोलणारे. या दोन खात्यांचं कधी पटलं नाही. रुईत काडीकचरा येतो म्हणून नत्थूजी टोपल्या परत धाडत. काम अडतं म्हणून बाया चिडत. हे भांडण इतकं जुनं झालं होतं की नवीन आलेली माणसंसुद्धा पहिल्याच आठवड्यात ते शिकून घेत.

चौऱ्याहत्तर साली प्रभाकरराव नावाचे नवे मॅनेजर नागपूरहून आले. माणूस मनाने चांगला होता. सगळ्यांनी मिळून राहावं म्हणून त्यांनी एका रविवारी क्रीडामहोत्सव ठेवला. पटांगणात मांडव घातला, पाहुणे बोलावले. पाहुणे एकीवर दीड तास बोलले. मग संगीतखुर्ची झाली, पोत्यातली शर्यत झाली. खुर्ची न मिळालेली माणसं भिंतीला टेकून जांभया देत राहिली. शेवटी बायांची लिंबू-चमच्याची शर्यत लावली. दातांत चमचा धरून, पदर सावरत रुख्माबाई चार पावलं चालल्या आणि लिंबू पडलं. प्रेसवाल्यांच्या घोळक्यातून नत्थूजींचा आवाज आला, "रुई असती तं कचऱ्यासकट नेली असती बाईनं."

गडी पोट धरून हसले. रुख्माबाईंनी दातांतला चमचा काढला, पदराने पुसला आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"साहेब, माह्यं आठवड्याचं धुनं पडलं हाये. जाऊ का?"

प्रभाकररावांनी मान हलवली. दुसरं काय करणार? रुख्माबाई निघाल्या आणि त्यांच्यामागून चाळीस बाया निघाल्या. दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी तीन टोपल्या परत धाडल्या, आणि त्या हंगामात दोन खात्यांमधला बोलाचालीचा उरलासुरला व्यवहारही बंद झाला.

पुढच्या वर्षी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, प्रभाकररावांनी बाबारावांना आत बोलावलं.

"नाखले, यंदा ते खेळांचं तुम्ही बघता का? मागच्या वेळी माझं काय चुकलं, तेच मला कळलं नाही."

मॅनेजर आपली चूक अशी समोर मांडतो, हे बाबारावांना आवडलं. ते म्हणाले, "बघतो जी. मले जमन ते. पन रविवारी नाई. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात, हाजरी लावून."

"म्हणजे अर्धा दिवस रेचे बंद ठेवायचे?"

"हो जी. आपन आपला अर्धा दिवस देत नाई, आनि त्याइची सुट्टी घेतो. मंग लोकाइनं त्याले आपलं काऊन समजावं?"

प्रभाकररावांनी समोरच्या कागदावर 'अर्धा दिवस' असं लिहिलं. "आणि पाहुणे?"

"पाहुना आला तं त्याले बी खेळा लागन. तुमाले बी. आनि भाषन नाई."

प्रभाकरराव हसले आणि हो म्हणाले. बाबाराव बाहेर आले तेव्हा काय करायचं हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. पण जमेल याबद्दल शंकाही नव्हती. बावीस वर्षं माणसं बघितली होती त्यांनी. खेळ म्हणजे तरी काय, माणसंच की.

घरी त्यांची बायको कोकिळा शेजारणींसोबत वडे-पापडांची कामं करायची. एका संध्याकाळी बाबारावांनी तिला विचारलं, "तुमी दहा बाया एका जागी बसता. तुमचं भांडन होत नाई का?"

"होते ना," कोकिळा म्हणाली. "मागच्या खेपी शोभाबाईचं नि माह्यं किती झालं. पन हातातलं काम कोन सोडनार? पीठ सुकून जाते. भांडता भांडता पापड होऊन जाते, मंग भांडन बी उरत नाई."

बाबाराव जेवायचे थांबले. लिंबाची शर्यत संपल्यावर कुणाच्या हाती काही लागलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. शिवाय कोकिळेच्या पापडांत रिकामं कुणी बसत नव्हतं. संगीतखुर्चीत तर खेळ जसा पुढे जाई, तशी माणसं कमी होत. दीडशेंच्या खेळात शेवटी दोघं खेळणार आणि बाकीचे उन्हात उभे.

महिनाभर ते जेवणाच्या सुट्टीत आवारात फिरत राहिले. सगळ्यांना लागेल असं काम शोधत होते. हंगामाचा कापूस येऊ लागला होता आणि त्याच्या गंजी घरांएवढ्या उंच लागल्या होत्या. शेडच्या भिंतीवर लाल रंगाच्या बादल्या टांगलेल्या होत्या, तपासणीपुरत्या. एकीत चिमणीने घरटं केलं होतं. बाबाराव तिथेच थांबले. आगीचं भय रेच्यावाल्या बाईला होतं, प्रेसवाल्या गड्याला होतं आणि मॅनेजरला तर झोपेतही होतं. पण बादली हातात धरून कुठे पळायचं, हे यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

हंगामाच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी रेचे बंद झाले. बाबारावांनी हौदापासून शंभर पावलांवर दोन रिकामे ड्रम ठेवले. एका बाजूला रेच्यावाल्या, दुसऱ्या बाजूला प्रेसवाले. दहा मिनिटांत ज्यांचा ड्रम जास्त भरेल, ते जिंकले.

भोंगा वाजला आणि सगळा गोंधळ झाला. गडी भरलेल्या बादल्या घेऊन पळत सुटले, एकमेकांवर आदळले, निम्मं पाणी मातीत गेलं. बायांनी रांग केली, पण बादल्या परत आणायला कुणी ठेवलंच नाही, म्हणून त्याही अडल्या. शेवटी बायांचा ड्रम हौदाला जास्त जवळ ठेवला आहे, असं नत्थूजी ओरडू लागले. एका बाईने रिकामी बादली त्यांच्या पायाशी आपटली आणि दोन गड्यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. प्रभाकररावांनी बाबारावांकडे बघितलं. त्या बघण्यात मागच्या वर्षीचा सगळा रविवार होता.

बाबारावांना मात्र आपली चूक लगेच दिसली. जी माणसं रोज एकमेकांच्या समोर उभी राहतात, त्यांनाच त्यांनी खेळातही समोरासमोर उभं केलं होतं. ते खोलीत गेले, मस्टरवरून सगळ्यांची नावं कागदाच्या तुकड्यांवर लिहिली, टोपीत घातली आणि बाहेर आले.

"हे शिकनं झालं," ते शांतपणे म्हणाले. "आता खेळ."

चिठ्ठ्या निघाल्या तशा दोन रांगा लागल्या. दोन्हींत बाया, गडी, कारकून, सगळे मिसळलेले. ज्याची चिठ्ठी पहिली, तो रांगेचा म्होरक्या. त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. जागेवरून दोन पावलांपलीकडे कुणी हलायचं नाही. एका रांगेची पहिली चिठ्ठी रुख्माबाईंची निघाली. त्यांच्या शेजारी नत्थूजी आणि नत्थूजींच्या पलीकडे प्रभाकरराव. बाबारावांनी यात काही लबाडी केली होती का, हे लोक पुढे कितीतरी वर्षं विचारत. बाबाराव फक्त टोपी काढून दाखवत.

रुख्माबाईंनी रांगेकडे एकदा बघितलं आणि त्यांच्या आवाजात धार आली. "बादली भरून नोका घेऊ. पाऊन घ्या. अन् इकडच्या बाजूनं पाच जन फक्त रिकाम्या वापस धाडतीन."

"पाऊन काऊन?" नत्थूजींनी विचारलं.

"सांडते म्हनून."

नत्थूजींनी पहिली बादली काठोकाठच घेतली. निम्मी मॅनेजरच्या बुटांवर सांडली. दुसरी त्यांनी पाऊण घेतली.

"साहेब, कडी धरा, काठ नोका धरू," रुख्माबाई म्हणाल्या. "आनि माह्याकडं काऊन पाहता? बादलीकडं पाहा."

"हो बाई," प्रभाकरराव म्हणाले, आणि सगळी रांग हसली. या हसण्यात प्रभाकररावही होते.

दहा मिनिटं संपली. बाबारावांनी काठीने दोन्ही ड्रम मोजले. रुख्माबाईंची रांग चार बोटांनी हरली होती. लोक पांगायची वाट बघत उभे असताना नत्थूजी शर्टाने तोंड पुसत पुढे आले.

"बाबूजी, अजून एक डाव होऊन जाऊ द्या. आमच्या बाईले आता बराबर समजलं हाये."

'आमच्या बाईले' हे त्यांनी सहज म्हटलं. बाबारावांनी ते ऐकलं, आणि आता आपलं काम झालं असं त्यांना वाटलं. पण त्यांनी पुढचंही योजून ठेवलं होतं. दुसऱ्या डावानंतर आलूबोंडे आणि चहा आला तेव्हा लोक रांगेतल्या शेजाऱ्यांजवळच बसले. बाबारावांनी एकच गोष्ट सांगितली. शेजारच्या माणसाने काय केलं तर आपलं काम हलकं होईल, ते त्याला सांगायचं. मोठ्याने नाही, त्याला एकट्याला.

नत्थूजी कपबशी धरून म्हणाले, "रुईत कचरा काऊन येते वो बाई? मी काही उगाच टोपल्या वापस धाडत नाई."

"टोपलं घेऊन आमी कुठून येतो, पाह्यलं का तुमी?" रुख्माबाई म्हणाल्या. "पूर्न शेडीले वळसा घालून, बैलगाड्यांच्या मधातून. वारा असला का धूळ, भुसा, सगळं त्यातच पडते."

"मधात दार हाये ना भिंतीले."

"हाये. तुमच्या गाठी बांधायच्या पट्ट्या रचून ठेवल्या हायेत त्याच्यासमोर."

नत्थूजींनी चहा संपवला. आठ वर्षांपूर्वी त्या पट्ट्या त्यांनीच तिथे रचून घेतल्या होत्या, कारण बाकी जागा नव्हती. पलीकडून कुणी दार ढकलतं आहे, असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी बाबारावांना खिडकीतून प्रेसखात्याचे चार गडी पट्ट्या उचलताना दिसले. दहा वाजता पहिली टोपली सरळ दारातून गेली. त्या हंगामात परत आलेल्या टोपल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. भांडणं संपली असं नाही. पण भांडण कशावरून आहे, ते आता दोन्हीकडे ठाऊक असे.

त्यानंतर दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला तो बुधवार ठरून गेला. बाबाराव दरवेळी काही बदलत. एका वर्षी न बोलता, फक्त खुणांवर रांग चालवली, कारण रेच्यांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. एका वर्षी बंडूजी कारकून म्होरके झाले; त्यांचा आवाजच फुटेना, तर रांगेने त्यांना सांभाळून घेतलं. एकदा त्यांनी रस्सीखेच ठेवायचं मनात आणलं. रुख्माबाई म्हणाल्या, "ओढाओढी तं रोजचीच हाये, बाबूजी," आणि बाबारावांनी तो दोर गुंडाळून ठेवला. नवीन आलेल्या माणसाला रांगेत मधोमध उभं करायचं, म्हणजे दोन्हीकडून शिकवायला कुणीतरी असतं, हा नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही.

एक्याऐंशीच्या मार्च महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास, कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला आणि ठिणगी उडाली. रुईला आग लागली की ज्वाळा आधी दिसत नाही. ती पृष्ठभागावरून सरसरत जाते आणि मग एकदम उठते. बाबारावांना खिडकीत पहिल्यांदा वास आला, मग आरडाओरड. ते मस्टर बगलेत धरून बाहेर धावले.

रांग लागत होती. त्यांनी लावली नव्हती. हौदाशी रुख्माबाई उभ्या होत्या. पलीकडून नत्थूजी प्रेसखात्यातली माणसं त्या मधल्या दारातून एकेक करून बाहेर काढत होते, आणि बाहेर आलेला प्रत्येकजण न विचारता जागा धरत होता. इंजिनवाल्याने पट्टा उतरवून रेचे थांबवले होते. कुणी पळत नव्हतं. बाबारावांनी मस्टर शर्टात खुपसलं आणि एका रिकाम्या जागी उभे राहिले. त्यांच्या एका बाजूला पंधरा दिवसांपूर्वी कामाला आलेली बाई होती. तिने तो बुधवार एकदाही बघितला नव्हता, तरी शेजारच्यांचं बघून ती बादली न सांडता पुढे देत होती.

"साहेब, गंजीवर पानी मारा," रुख्माबाई ओरडल्या. "शेड गेलं, जाऊ द्या. गंजी वाचवा."

प्रभाकरराव शेडकडे वळले होते, ते फिरले. रांगेने तोंड वळवलं. बंब येईपर्यंत अर्धा तास गेला. तोवर शेडचं अर्धं छप्पर बसलं होतं, चार रेचे जळाले होते, आत पडलेल्या सगळ्या रुईची राख झाली होती. पण आवारातल्या गंजी ओल्या होऊन, धूर खात उभ्या होत्या.

बाबाराव फाटकाजवळ आले. शर्टातून मस्टर काढलं, कडा ओल्या झाल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा हाजरी घेतली. प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं. काळवंडलेले चेहरे एकेक करून 'हाजर' म्हणत गेले. सव्वाशे नावं झाली, एकशे चाळीस झाली. "नत्थूजी उमाटे," बाबारावांनी वाचलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मस्टर वाचताना त्यांचा आवाज चिरकला.

"हायेत इथं," मागून रुख्माबाईंचा आवाज आला. त्या जमिनीवर बसून नत्थूजींच्या भाजलेल्या हाताला आपल्या पदराची चिंधी गुंडाळत होत्या. "बोलनं बंद झालं त्याइचं पह्यल्यांदा. मीच सांगतो, हाजर."

बाबारावांनी खूण केली आणि उरलेली नावं वाचली. एकशे सत्तेचाळीस नावं, एकशे सत्तेचाळीस माणसं. मग ते खोलीत गेले, दार लोटलं आणि खुर्चीवर बसून बराच वेळ रडले. त्यांना त्याची लाज वाटली नाही.

या आगीची गोष्ट जिल्ह्यात पसरली. ठिकठिकाणचे मॅनेजर प्रभाकररावांकडे खेळांची यादी मागू लागले. एका गावच्या फॅक्टरीत तर बाबारावांना बोलावून सत्कारच ठेवला. रविवार होता, मांडव होता, बादल्यांना रिबिनी बांधल्या होत्या, आणि मॅनेजर खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. बाबारावांनी हार घेतला, चहा घेतला आणि जाण्याआधी मॅनेजरना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी खुर्चीवरून उठल्याबिगर हे चालनार नाई, साहेब." त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

बाबाराव शहाऐंशी साली निवृत्त झाले. आर्वीतला बुधवार आता त्यांच्याशिवाय चालत होता आणि चांगला चालत होता, याचा त्यांना अभिमान होता. दोन वर्षं त्यांनी घरी आराम केला. मग एके दिवशी जाम गावाहून ताराचंद नावाचे व्यापारी त्यांना शोधत आले. हमरस्त्यावर त्यांची तेलगिरणी होती, तीस माणसं होती, आणि त्या तिसांचं आपसात पटत नव्हतं.

"तुमचे ते बादलीचे खेळ आमच्याकडे करून द्या," ताराचंद म्हणाले. "बादल्या मी नव्या आणतो."

"बादल्या नोका आनू," बाबाराव म्हणाले. "मले दोन दिवस तुमच्या गिरनीत बसू द्या."

ते एसटीने जामला गेले आणि दोन दिवस गिरणीत एका स्टुलावर बसून राहिले. ट्रक येत, पोती उतरत. हमाल पोती एका जागी टाकत, मग तेलाच्या घाण्यावरची माणसं तीच पोती शिव्या देत दुसऱ्या जागी नेत. एकाच पोत्याला दोनदा पाठ लागत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबारावांनी खडू मागितला, पोती कुठे पडावीत असं वाटतं ते दोन्ही गटांतल्या माणसांना एकत्र जमिनीवर आखायला सांगितलं, आणि कुणाची आखणी कमी पावलांची, यावर पैज लावली. माणसं आधी लाजली. मग वाकून आखू लागली, पुसू लागली, पावलं मोजू लागली, आवाज चढले. ताराचंद दारात उभे राहून बघत होते.

"शेठजी, तिथं उभं राहून समजनार नाई," बाबारावांनी त्यांच्या हातात खडू दिला. "हे घ्या. त्या कोपऱ्यातले दोघं तुमचे भिडू. पह्यलं त्याइले विचारा, त्याइची पाठ कुठं दुखते ते."

ताराचंदांनी धोतर सावरलं आणि ते जमिनीवर बसले.